तळ्यातलं गवत आणि रीड-ओन्ली ॲक्सेस

गेले दोन-तीन शनिवार मी समुद्री गवताबद्दल वाचतोय. का, ते विचारू नका. एका सहकाऱ्यानं एक दुवा पाठवला, त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा... शनिवार असेच जातात. तर, समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं, बिया असं सगळं असलेली ही खरीखुरी सपुष्प वनस्पती. जगभरात तिच्या सत्तरएक जाती आहेत. उथळ समुद्रात, जिथवर ऊन पोचतं तिथवर, तिची कुरणं पसरलेली असतात. त्या कुरणांत मासे अंडी घालतात, कासवं चरतात, आणि आपल्याकडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर डुगाँग नावाचा गरीब स्वभावाचा सस्तन प्राणी तर ह्या गवतावरच जगतो. २०२२ साली तमिळनाडू सरकारनं पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं, ते ह्या डुगाँगसाठी आणि त्याच्या कुरणांसाठी.

ही कुरणं टिकवायची तर पहारा कुणी करायचा, ह्या प्रश्नाला जगभर साधारण एकच उत्तर मिळतं: स्थानिक लोकांना शिकवा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये १९९८ पासून हेच चाललंय. पन्नास मीटरच्या तीन दोऱ्या टाकायच्या, दर पाच मीटरवर पन्नास सेंटिमीटरची चौकट ठेवायची, चौकटीत किती टक्के गवत आहे, कुठल्या जातीचं, ते लिहायचं. फोटो काढायचा. बस. शाळकरी मुलंही करतात. पद्धत छानच आहे. माझ्यासारख्या, कुठल्याही गोष्टीचा तक्ता बनवल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माणसाला तर फारच आवडली.

आता तुम्ही म्हणाल, हिंजवडीत बसून समुद्री गवताचं काय? तर गंमत पुढेच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नरसाळ्याखाली एक पाणवनस्पती ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवायचे, आठवतंय? ती हायड्रिला. आणि घरी काचेच्या पेटीत मासे पाळले असतील तर लांब रिबिनीसारखी पानं असलेली व्हॅलिस्नेरियाही पाहिली असेल. हॅलोफिला, एनहॅलस, थॅलासिया ही समुद्री गवतं आणि ह्या दोघी, सगळ्या एकाच कुळातल्या. सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी नक्कीच. एक शाखा खाऱ्या पाण्यात गेली, बाकीच्या गोड्या पाण्यात राहिल्या. ह्या गोड्या पाण्यातल्या बहिणींची कुरणं महाराष्ट्रात दाट कुठे असावीत, तर कुठल्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब, गोंदिया जिल्ह्यातल्या तळ्यांमध्ये.

माझं आजोळ तिकडचं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदिया म्हणजे एक रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस. पुण्यातल्या मित्रांना गोंदिया हे गाव गाडीच्या पाटीवरच माहीत असतं. तिकडे भात पिकतो, पण त्याला कुणी भात म्हणत नाही, धान म्हणतात. आणि धानाला लागतं तळं.

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरच्या काही भागात, साडेसहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. बरेचसे अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं बांधले. तळं बांधा, त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन कसायला घ्या, असा साधारण करार. त्या काळातलं बिल्ड-ऑपरेट म्हणा हवं तर, फक्त ट्रान्सफर नव्हतं. नवेगावबांधचा तलाव ह्यातलाच. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचली असतील तर नवेगाव तुम्हाला न जाताही ठाऊक असेल. छोट्या तळ्याला बोडी म्हणतात. वरच्या बोडीचं पाणी खालच्या तळ्यात, तिथून पुढच्या तळ्यात, अशी ही साखळी असते.

ट्रान्सफर झालं ते पुढे. भंडारा-गोंदियाचा हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी रद्द झाली, ३१ मार्च १९५१ पासून अंमल आला आणि तलाव सरकारच्या मालकीचे झाले. मालगुजारी गेली ते बरंच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांनी पाळीवर माती वाहिली ते कधी मालक नव्हतेच. पण व्यवस्था गेली आणि तिच्या जागी दुसरी नीट आलीच नाही. तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे गेले, काही पाटबंधारे खात्याकडे, जंगलातले वनखात्याकडे. मासे धरायचा हक्क ठेक्यानं, मच्छीमार सहकारी संस्थांना. त्या संस्थांत मुख्यतः ढिवर समाज. हातात जमीन नाही, पोट मासळीवर. तळ्यात रोज पाय घालणारा माणूस हाच.

आता गवताकडे येतो. तळ्यात गवत असलं काय आणि नसलं काय, मासे तर पाण्यात राहतात, असं मला बरेच दिवस वाटायचं. ह्यावर मार्टेन शेफर नावाच्या डच शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक कल्पना नीट मांडली, ती कुठल्याही इंजिनियरला झोप उडवण्याइतकी सुंदर वाटेल. उथळ तळ्याच्या दोन स्थिर अवस्था असतात. एक निवळ पाण्याची, तळाशी भरपूर वनस्पती असलेली. दुसरी गढूळ, हिरवट पाण्याची, वनस्पती नसलेली. आणि दोन्ही अवस्था स्वतःला टिकवून धरतात. वनस्पती असल्या की गाळ मुळांनी धरून ठेवला जातो, पाण्यातलं खत त्या शोषून घेतात, त्यांच्या आडोशाला बारीक पाणपिसवा राहतात आणि त्या शेवाळाचे सूक्ष्म कण खातात. म्हणून पाणी निवळ राहतं, म्हणून ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून वनस्पती वाढतात. उलट बाजूनंही तसंच. पाणी गढूळ झालं की ऊन पोचत नाही, वनस्पती मरतात, गाळ मोकळा होतो, पाणी आणखी गढूळ.

खरी मेख पुढे आहे. निवळ अवस्थेतून गढूळ अवस्थेत तळं अचानक पडतं, आणि ज्या कारणानं पडलं ते कारण थोडं कमी केलं म्हणून परत येत नाही. बरंच मागे जावं लागतं. हॉलंडमधल्या वेलूवे सरोवरात १९६० च्या दशकाच्या शेवटी वनस्पती गेल्या. सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी केलं तरी वर्षानुवर्षं पाणी निवळेना. शेवटी तळ उकरणारे ब्रीम जातीचे मासे मोठ्या प्रमाणावर पकडून काढले, तेव्हा कुठे १९९० च्या दशकात पाण्याखालची कुरणं परतली. म्हणजे मासा हाही इथे कारणीभूत घटक आहे. हे लक्षात ठेवा, लागणार आहे.

(पाणी किती निवळ आहे हे मोजायचं सगळ्यात स्वस्त उपकरण १८६५ पासून उपलब्ध आहे. अँजेलो सेक्की नावाच्या पाद्री खगोलशास्त्रज्ञानं पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी कुठे होते ते मोजलं. दोरी आणि थाळी. चार्जिंग लागत नाही.)

तर गोंदियाच्या तळ्यांचं काय झालं? बऱ्याच गोष्टी एकापाठोपाठ झाल्या, आणि त्यातली कुठलीही दुष्टपणानं झाली नाही, हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट मत्स्यबीज. रोहू, कटला, मृगळ हे आपले मोठे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही ह्यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून ह्या माशांचं प्रजनन करवून दाखवलं, आणि भारतातली मत्स्यशेती बदलली. हा दिवस अजूनही मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात आणि तो पाळावा असाच आहे. पण त्यानंतर तळं म्हणजे मासे 'टाकायची' आणि काढायची जागा, असा हिशेब सुरू झाला. तळ्यातच वाढणारे, तळ्यातच अंडी घालणारे मरळ, मागूर, शिंगी ह्यांसारखे मासे हिशेबात राहिले नाहीत. कारण त्यांचं बीज कुणी विकत घेत नाही, त्यामुळे ते कुठल्या बिलात दिसत नाहीत! रोहू-कटलाबरोबर कुठे कुठे ग्रासकार्प आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हेही आले. ग्रासकार्प नावाप्रमाणे गवत खातो. सायप्रिनस तळ उकरतो, हॉलंडच्या त्या ब्रीमसारखाच. ह्यात एक विनोद असा की अमेरिकेत फ्लोरिडात आपली हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून पोचली आणि तिनं तिथले कालवे-तळी बुजवून टाकली. तिला खायला म्हणून ते लोक मुद्दाम ग्रासकार्प सोडतात, तेही नपुंसक केलेले, वाढू नयेत म्हणून. आपण तोच मासा हायड्रिलाच्या माहेरी सोडतो.

दुसरी गोष्ट बेशरम. शास्त्रीय नाव आयपोमिया कार्निया, मूळ अमेरिकेतली, आपल्याकडे कुंपणासाठी वगैरे आणलेली. गुरं खात नाहीत, तोडली तर तुकड्यातून फुटते, तळ्याच्या कडेनं आत आत सरकते. नाव लोकांनी ठेवलंय आणि ह्याहून अचूक नामकरण मी पाहिलेलं नाही. उथळ कडेलाच देशी वनस्पतींची सगळ्यात जास्त गर्दी असते, नेमकी तीच जागा ही बळकावते.

तिसरी गोष्ट जेसीबी. गाळ काढणं वाईट नाही, जुन्या काळीही काढायचे, शेतात न्यायचे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये नव्यानं आली, आणि पाणी साठण्याच्या दृष्टीनं तिचा उपयोगही आहे. पण वरच्या थरात पाणवनस्पतींची बियाणं आणि कंद असतात. कडेचा हळूहळू उतरत जाणारा उथळ भाग असतो. सगळं तळं एकाच उन्हाळ्यात ताटलीसारखं खरवडून कडा उभ्या कापल्या, तर घनमीटर वाढतात आणि कुरण जातं. घनमीटराचं बिल निघतं. कुरणाचं निघत नाही.

आता ज्या कामासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी, आधी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ह्या नावानं आणि पुढे फीड ह्या संस्थेतून, ह्या तलावांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की त्यांनी सुरुवात शिकवण्यानं केली नाही. ढिवरांना विचारलं. कुठला मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला राहतो, कोण कुठे अंडी घालतो, कुठलं पान सडलं की पाणी बिघडतं, हे त्यांना माहीत होतं, आणि ती माहिती लिहून काढली गेली. मासे कमी झाले कारण वनस्पती गेल्या, हा धागा तळ्यात उतरणाऱ्या माणसांकडूनच आला.

मग काम ठरलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळापासून काढायची. (काही ठिकाणी हे रोजगार हमीतून झालं, ही हुशारी मला फार आवडली.) तळाचा काही भाग नांगरून भुसभुशीत करायचा. पाऊस लागला की, जिथे अजून चांगलं कुरण शिल्लक आहे अशा तळ्यातून रोपं आणून लावायची: पाण्याखाली राहणारी, पानं तरंगणारी आणि काठावर उभी राहणारी, तिन्ही प्रकारची. धान लावतात तशीच रोवणी. तिकडच्या बायकांना रोवणी शिकवायला पुण्याहून कुणी जायची गरज नाही. मग त्या भागात ग्रासकार्प सोडायचा नाही. आणि दर वर्षी बघायचं, काय जगलं, काय पसरलं, कुठले मासे जाळ्यात येऊ लागले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे ह्या कामातलं ओळखीचं नाव. स्वतः ढिवर समाजातल्या. त्यांनी गावोगावच्या बायकांना ह्या कामात आणलं. मासळी विकायचं काम बायकांचं आणि संस्थेचं सभासदत्व बहुतेक पुरुषांचं, अशी जिथे रीत आहे तिथे हे सोपं नसतं. तळ्यात गवत लावणं हा भाग त्यामानानं सोपा असावा!

प्रशिक्षण म्हणून जे काही झालं ते असं दोन्ही बाजूंनी झालं. संस्थेच्या लोकांनी वनस्पतींची शास्त्रीय नावं आणली, मोजायची पद्धत आणली, अर्ज कुठे करायचा ते आणलं. गावानं बाकी सगळं आणलं. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. ज्या तळ्यात तुम्ही बारा महिने उतरता त्याचा तुमच्याइतका डेटा कुणाकडेच नसतो. तो फक्त तक्त्यात नसतो.

आणि इथेच माझं त्या क्वीन्सलंडी पद्धतीच्या सरसकट कौतुकाशी जमत नाही. पद्धत घ्या, जरूर घ्या. बांबूची एक मीटरची चौकट करा, पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि पाणी उतरताना फेब्रुवारीत एकदा टाका, वहीत लिहा. पण आपल्याकडे 'स्थानिकांना प्रशिक्षण' ह्याचा अर्थ हल्ली फक्त एवढाच उरलाय. दोन दिवसांची कार्यशाळा, टोपी, प्रमाणपत्र, आणि मग गावानं फुकटात डेटा एंट्री करायची.

आपल्या धंद्यातलं उदाहरण देतो. तुम्ही ऑन-कॉल आहात. रात्री तीनला अलर्ट येतो. तुम्ही उठता, सर्व्हरवर जाता, काहीतरी बंद करता, काहीतरी मागे फिरवता. मॉनिटरिंगला अर्थ आहे तो ह्यामुळे. आता समजा पेजर तुमच्याकडे, पण सर्व्हरचा ॲक्सेस रीड-ओन्ली. काही करायचं तर चार वेगवेगळ्या खात्यांत तिकीट टाकायचं, ती खाती दुसऱ्या गावात, आणि एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. किती रात्री उठाल? माझं उत्तर: दोन. तिसऱ्या रात्री फोन सायलेंट.

तळ्याच्या काठावर वही घेऊन उभ्या असलेल्या बाईची स्थिती हीच आहे. पाणी किती सोडायचं ते सिंचनवाले आणि शेतकरी ठरवणार. गाळ कुठून आणि किती काढायचा ते योजनेचं अंदाजपत्रक ठरवणार. मत्स्यबीज कुठलं टाकायचं ते संस्थेची बैठक ठरवणार, जिथे ती सभासदच नाही. तळ्याच्या पोटात कुणी अतिक्रमण करून धान लावलं तर तो विषय तहसीलचा. ती फक्त लिहिणार: हायड्रिला चाळीस टक्के होती, आता दहा टक्के आहे.

नुसत्या नोंदीचं काय होतं ह्याचं उदाहरण फार लांब शोधायला नको. २००२ च्या जैवविविधता कायद्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. कल्पना उत्तम. वर्षानुवर्षं फारसं झालं नाही, मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्यांना दंड. मग काय, देशभर धडाधड नोंदवह्या तयार झाल्या. शेवटच्या आठवड्यात लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनची अवस्था काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. 

सारसाचं उदाहरण ह्याहून गुंतागुंतीचं आहे. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरलेत ते जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात. तिथे सेवा ही संस्था, सावन बहेकर आणि त्यांचे साथी, शेतकऱ्यांना बरोबर घेऊन दर जूनमध्ये पहाटे गणना करतात. ज्याच्या बांधीत घरटं आहे तो शेतकरीच त्याची राखण करतो. हे प्रशिक्षण खरोखर यशस्वी झालं. संख्या वाढलीसुद्धा, २०२० च्या गणनेत चाळिशीच्या वर होती. पण पुढच्या वर्षांत ती परत उतरली. मोजणाऱ्यांना कारणं माहीत होती: उघड्या वीजतारा, शेतातली कीटकनाशकं, आटत जाणारी पाणथळ जागा. पण मोजणाऱ्याला खांब हलवता येत नाही. शेवटी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि यंत्रणा हलायला लागली. म्हणजे मोजणी वाया गेली नाही, तो पुरावा होता म्हणूनच न्यायालयात बोलता आलं, हे मान्य. पण वीजतारेसाठी उच्च न्यायालय लागावं? सारस दिसतो तरी. तो उंच आहे, देखणा आहे, जोडीनं नाचतो, वर्तमानपत्रात त्याचा रंगीत फोटो येतो. हायड्रिलासाठी स्वतःहून दखल कोण घेणार?

म्हणून माझं मत असं: प्रशिक्षण आणि अधिकार एकाच कागदावर यायला हवेत. मोजणाऱ्या गटाला निदान तीन बाबतीत 'थांबा' म्हणता यायला हवं. तळ्याच्या कुठल्या भागातून गाळ काढायचा नाही, कुठला मासा सोडायचा नाही, आणि उन्हाळ्यात किती पाणी तळाशी राखायचं. ह्यासाठी नवा कायदा लागेलच असं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात, जंगलातल्या पाणवठ्यांतल्या माशांवर आणि इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि जलस्रोतांचं रक्षण करायचा अधिकार ग्रामसभेला त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. गोंदियातले कितीतरी तलाव जंगलाला लागून किंवा जंगलातच आहेत. बाकीच्यांसाठी जिल्हा परिषदेच्या ठेक्याच्या करारात दोन कलमं वाढवली तरी पुष्कळ होईल.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणणारच, गावाच्या हाती दिलं की सगळं आलबेल होतं का? नाही होत. मला गावाबद्दल भाबडं प्रेम नाही, सुट्ट्यांत तिथले भांडणतंटे पुरेसे पाहिलेत. सप्टेंबरात पावसानं ओढ दिली की धानाला शेवटचं पाणी हवं असतं आणि ढिवराला तेच पाणी तळ्यात राहायला हवं असतं. दोघंही बरोबर असतात. माझा मामा शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो, साहजिक आहे. संस्थेतल्या काहींना भरभर वाढणारा मासाच हवा असतो, कारण ठेक्याचे पैसे ह्याच वर्षी भरायचे असतात आणि कुरण वाढायला दोन-तीन पावसाळे लागतात. जात आहे, पुढारी आहेत. पण हे तंटे आजही आहेतच, फक्त निर्णय होतो तेव्हा ज्याला तळ माहीत आहे तो खोलीत नसतो. तो खोलीत असला तर भांडण जास्त होईल आणि निर्णय कमी चुकतील, इतकीच माझी अपेक्षा आहे.

राहता राहिलो आपण, म्हणजे दर वर्षी हापिसाच्या बसमधून टेकडीवर जाऊन झाडं लावणारे लोक. २०१३ च्या कंपनी कायद्यापासून सीएसआरचा पैसा आहे आणि तो कुठेतरी जातोच. पाणवनस्पतींसाठी तो फारसा जात नाही, कारण पाण्याखालच्या रोपाबरोबर फोटो काढता येत नाही. मागे एका बैठकीत मी हा विषय काढला तर पहिला प्रश्न आला, ह्याचं ॲप करता येईल का? दुसरा, मार्चच्या आत होईल का? ॲप करता येईल हो. आपण सगळेच ॲप करतो. पण ज्या कामात वही, बांबू आणि थाळी पुरते तिथे ॲप म्हणजे आपल्यालाच काहीतरी केल्याचं समाधान. आणि मार्चचं म्हणाल तर नियम तसं म्हणत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षं चालणारं काम सीएसआरमध्ये बसतं. ह्या कामाला नेमकी तेवढीच वर्षं लागतात.

तेव्हा बेशरम काढायची मजुरी, नांगरणी, रोवणीच्या बायकांचा रोज, तीन वर्षं नोंदी ठेवणाऱ्या दोन व्यक्तींचं मानधन, आणि ठेक्याच्या कराराचं काम बघणाऱ्या वकिलाची फी, असं एक पान मी आमच्या समितीला पाठवलंय. वकिलाच्या रकान्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले, पर्यावरणाच्या कामात वकील कशाला म्हणून. त्याचं सविस्तर उत्तर लिहून पाठवलं आहे. पुढची बैठक एप्रिलमध्ये आहे म्हणतात. बेशरम मे महिन्यात, पाणी उतरल्यावर काढावी लागते, आणि रोवणी जुलैत.